ज्योतीच्या खोलीतला खोका

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक जन्माला यायच्या आधीच नोंदवावं लागतं, आणि त्याच्याकडून जे घ्यायचं ते घ्यायची वेळ एकदाच येते. ती हुकली की हुकली. पुढच्या महिन्यात या, असं सांगायची सोय नाही. मी बाळाच्या नाळेतलं रक्त गोळा करायचं काम केलं. पिंपरी-चिंचवडपासून वर राजगुरुनगरपर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता. त्याआधी बरीच वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होते, त्यामुळे लोक शेवटपर्यंत मला सिस्टरच म्हणाले. ओळखपत्रावर मात्र लांबलचक इंग्रजी पद होतं. ते माझ्या आईच्या जिभेवर कधी बसलं नाही. कंपनीच्या नावात 'बँक' होतं, तेवढंच धरून दिघीतल्या शेजारणींना ती सांगायची, आमची शोभा बँकेत लागली. मग त्यांची पोरं गाडीच्या कर्जाची चौकशी करायला माझ्या दारात. त्यांना मी नाळ, वार, सुई असं सगळं नीट समजावून सांगे. चहासुद्धा न घेता पळायची बिचारी.

तुम्हालाही सांगते, पळू नका. बाळ जन्मलं, नाळ कापली, की नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं. एरवी ते टाकूनच देतात. पण त्या रक्तात मूळपेशी असतात, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे सगळं रक्त तयार होतं अशा पेशी. नाळेच्या शिरेत सुई घालायची, पिशवी खाली धरायची, रक्त आपसूक उतरतं. ते गोठू नये म्हणून पिशवीत औषध असतं. ते मिसळावं म्हणून पिशवी हळूहळू झुलवत राहायची. बाळाला दुखत नाही, आईला कळतही नाही. मग पिशवी खोक्यात, खोका प्रयोगशाळेत, आणि तिथे पेशी वेगळ्या करून कडाक्याच्या थंड टाकीत वर्षानुवर्षं ठेवतात. उद्या काही आजार निघाला तर उपयोगी पडतील म्हणून. हा खोका, म्हणजे थर्माकोलचा डबा, त्यात पिशवी, सुया आणि नळ्या, आम्ही घरच्यांकडे आधीच देऊन ठेवायचो. बाळंतपणाला जाताना तो बरोबर न्यायचा.

रक्त घेतल्यावर खोका फ्रिजमध्ये ठेवू नका, हे मी प्रत्येकाला बजावून सांगत असे. तरी चाकणकडचे एक गृहस्थ निघालेच. कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते. आमच्या माणसाला खोका न्यायला उशीर होतोय म्हटल्यावर ते तो घेऊन थेट कंपनीत गेले आणि सगळ्यात थंड खोलीत, वरच्या फळीवर ठेवला. मला फोन करून सांगतात, "सिस्टर, काळजी करू नका, उणे वीसमध्ये ठेवलाय. वर वॉचमन उभा केलाय." मी कपाळावर हात मारला. पेशी गोठवायच्या तर खास औषधात, हळूहळू गोठवाव्या लागतात. अशा एकदम गोठल्या की फुटतात. सगळं रक्त वाया गेलं. पण त्यांच्यावर ओरडायचं तरी कशाला? जन्मभर तो माणूस एकच गोष्ट शिकला होता, की मोलाची वस्तू गार ठेवावी. मी त्यांच्याबरोबर त्या कंपनीच्या पायरीवर बसून राहिले. अजून दर हिवाळ्यात ते मला मटार पाठवतात.

धंद्याबद्दल एक गोष्ट मनाला कायम लागून राहिली, तीही सांगून टाकते. आमची विक्रीची पोरं दवाखान्यांत जाऊन गरोदर बायकांना पडद्यावर असली-नसली दुखणी दाखवायची. तुमचं बाळावर प्रेम असेल तर सही करा, असा एकूण सूर. माझं डोकं फिरायचं. अहो, जो दोष बाळाच्या रक्तात जन्मापासूनच आहे, तो त्याच्या नाळेच्या रक्तातही असणारच. त्या दोषाला त्याची स्वतःची पिशवी कामाची नाही. भावाबहिणीला लागू शकते, तीही जुळली तर. बहुतेक पिशव्या टाकीत नुसत्या पडून राहणार, आणि त्या पडूनच राहाव्यात, कुणाला लागू नयेत. मला कुणी विचारलं तर मी हे स्पष्ट सांगायची. त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली. "सिस्टर, तुम्ही फक्त सुई सांभाळा," असं ते म्हणत. मग मी सुई सांभाळली. पण त्याच सुईनं मला कुरुळीच्या हौसाआजींच्या दारात नेलं, म्हणून या नोकरीला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते.

कुरुळीत आजींची शेती होती, तिच्यातली बरीचशी गेली. उरलेल्या जागेत त्यांनी दहा-बारा खोल्यांची चाळ बांधली आणि कंपनीत कामाला येणाऱ्यांना भाड्यानं दिली. मुलगा दत्ता पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, सून मनीषा घरी, आणि नात आरोही. आरोहीला थॅलेसेमिया होता. तिच्या अंगात रक्त पुरेसं तयारच व्हायचं नाही. दर तीन आठवड्यांनी पिंपरीला नेऊन बाहेरचं रक्त चढवायचं, तेव्हा कुठे पोरगी चार पावलं पळायची. मग पुन्हा पिवळी पडत जायची. मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी सुईवाली आहे हे कळल्यावर घाबरायचं सोडून मला म्हणाली, "डाव्या हातालाच टोचायचं हां. उजव्यानं मला चित्र काढायचंय." मी तिला टोचायला आलेच नव्हते. तरी बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

मनीषाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. डॉक्टरांनी आधीच तपासून सांगितलं होतं, की या बाळाला तो आजार नाही. ते आरोहीशी जुळेल की नाही, हे मात्र जन्मल्यावरच कळणार होतं. जुळलं तर त्याच्या नाळेचं रक्त तिला देता येईल, आणि मग कदाचित तिचं तिला रक्त तयार व्हायला लागेल. म्हणून त्यांनी नाव नोंदवलं. मी खोका द्यायला गेले, तर उंबऱ्यात हौसाआजी आडव्या.

"ह्यो खोका घरात येणार न्हाई," म्हणाल्या.

त्यांचं कारण ऐकून घ्या. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावाची वस्तू घरात आणू नये, हे आपल्याकडे पुष्कळ घरांत पाळतात. आरोहीच्या वेळी मनीषाच्या माहेरच्यांनी हौसेनं आधीच पाळणा, दुपटी, टोपडी आणून ठेवली होती. पुढे पोरगी आठ महिन्यांची असताना तिचा आजार कळला. आजींच्या मनात या दोन गोष्टींची गाठ पक्की बसली. आणि माझ्या खोक्यावर तर मनीषाच्या नावापुढे 'बाळ' असं ठळक छापलेलं. मी त्यांना समजावलं, हा आजार आईबापांच्या रक्तातून येतो, पाळण्यातून येत नाही. तुमच्या दत्तामध्ये निम्मा दोष, सुनेमध्ये निम्मा, दोन्ही एकत्र आले म्हणून पोरीला झालं. हे ऐकून तर त्या आणखीच भडकल्या. माझ्या लेकात दोष काढते म्हणजे काय! मीही काही कमी नाही. आवाज चढला माझा. दत्ता बिचारा मधे उभा, आईला बोलता येईना, मला अडवता येईना.

चाळीतल्या बायका दारात येऊन ऐकत होत्या. त्यातली शेवटच्या खोलीतली ज्योती पुढे आली. ही लातूरकडची. नवरा-बायको दोघंही कंपनीत, लग्नाला काही वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. एकदा दिवस राहिले होते, ते टिकले नाहीत. ती म्हणाली, "आमच्यात ठिवा की, सिस्टर. आमचं काय जातंय?"

बोलली अगदी सहज. जी गोष्ट आजींना आपल्या घरात नको होती, ती ही पोर आपल्या खोलीत घ्यायला तयार झाली होती. आजी आत गेल्या. मी खोका ज्योतीच्या मांडणीवर ठेवला, ऊन लागू देऊ नको, गॅसपासून लांब ठेव, असं सांगून निघाले. रस्ताभर आजींवर चरफडत होते, हे कबूल करते.

बाळंतपणाला तीन-एक आठवडे होते. एके दिवशी मी राजगुरुनगरला एका बाळाचं रक्त घेऊन नुकतीच मोकळी झाले होते. दुपारची वेळ. चाकणच्या दवाखान्यातून नर्सचा फोन आला. मनीषा आईबरोबर तपासणीला आली होती, रक्तदाब फार वाढलेला निघाला, डॉक्टर लगेच सिझेरियन करणार होते. खोका कुठाय, ती विचारत होती. खोका कुरुळीत, ज्योतीच्या खोलीत. माझ्याजवळ राजगुरुनगरच्या बाळाचा होता, तो आत्ताच वापरलेला. जादाचा जवळ ठेवायची परवानगी आम्हाला नसे, कारण प्रत्येक पिशवी आईच्या नावानं यायची. दत्ताला फोन लावला, बंद. ज्योतीला लावला, बंद. आपल्या या पट्ट्यात पुष्कळ कंपन्यांत फोन गेटवर जमा करून आत जावं लागतं. शिफ्ट सुटेपर्यंत घरी आग लागली तरी माणसाला कळत नाही.

उरल्या हौसाआजी. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. सून दवाखान्यात अडकल्याचं त्यांना कळलेलं होतं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्यांना सांगितलं, की थोड्या वेळात बाळ जन्मेल, नाळ कापतील, आणि खोका नसेल तर ते रक्त टाकून द्यावं लागेल. दुसऱ्या कशात ते घेता येत नाही. आरोहीसाठीची ही एकच संधी आहे.

"ज्योतीच्या खोलीला कुलूप हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, किल्ली?

"तिच्यापाशी. ती कंपनीत."

मी फोन कानाला दाबून धरला. मागे टँकरच्या पाण्याचा आवाज येत होता. आरोही काहीतरी विचारत होती. मग फोन बंद झाला. मी परत लावला, कुणी उचलला नाही. मी मनाशी म्हटलं, संपलं. यांनी उंबऱ्यात अडवला तो खोका, आता यांच्या मनासारखं झालं. माणूस रागात किती वाईट विचार करतो बघा.

चाकण चौकाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. ट्रेलर, कंटेनर, कंपनीच्या बसगाड्या, आणि मधे माझी स्कूटर. घामाघूम होऊन दवाखान्यात पोचले. मनीषाला आत घेतलं होतं. डॉक्टरीण बाई भली होती, पण म्हणाली, सिस्टर, मी थांबू शकत नाही, तिचा जीव आधी. तिचं बरोबरच होतं. मी हात धुऊन नुसती उभी राहिले. एवढ्या वर्षांत रिकाम्या हातानं बाळंतपणापाशी उभी राहायची माझी ती पहिलीच वेळ. मनीषानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. खोका आला का, हे तिनं विचारलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. साधा नाही, टँकरचा. वॉचमन ओरडत होता, टँकर आत आणू नका म्हणून. मी धावत बाहेर आले. केबिनचं दार उघडून हौसाआजी खाली उतरत होत्या. नऊवारीचा काष्टा खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं, पदराखाली झाकलेला खोका, मागे आरोही. चाळीत पाणी टाकायला आलेल्या टँकरवाल्याला त्यांनी अर्धी टाकी भरलेली असतानाच पाइप काढायला लावला होता. त्याच्याच पहारीनं ज्योतीच्या दाराचा कोयंडा उपटला होता. जिच्या घरात त्या मालकीण असूनही न विचारता कधी पाऊल टाकत नसत, तिचं दार फोडून आल्या होत्या.

खोका माझ्या हातात देताना त्यांनी तो क्षणभर सोडलाच नाही. म्हणाल्या, "माज्या हातानं आनलाय. काय वंगाळ व्हायचं आसंल तर माजं हू दे. पोरास्नी काय नगं."

त्या घटकेला मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण आत जाऊन हात परत धुवायचे होते. आत पळाले.

मुलगा झाला. रडला, चांगला खणखणीत रडला. डॉक्टरीण बाईनं आधी नाळेतल्या रक्तातला बाळाचा वाटा बाळाला जाऊ दिला, मग नाळ कापून माझ्याकडे दिली. सुई पहिल्याच खेपेत शिरेत बसली. पिशवी खाली धरून मी ती झुलवत राहिले, रक्त उतरत राहिलं, आणि माझ्या मनात एकच, ये बाबा, अजून थोडं ये. नोकरीत शेकडो पिशव्या भरल्या, पण तोंडानं पुटपुटत भरलेली ती एकच. चांगली टम्म भरली. बाहेर आले तर आजी भिंतीला टेकून बसलेल्या. मुलगा झाला हे त्यांना नर्सनं सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं, निघालं का? मी हो म्हटलं. मग त्यांनी वार मागून घेतली, घरी नेऊन पुरायची म्हणून. ती त्यांना दिली. आम्हाला फक्त रक्त हवं असतं, बाकीचं ज्याचं त्याला.

ज्योती संध्याकाळी शिफ्टवरून आली, तर दार सताड उघडं. चोरी झाली असंच तिला वाटलं. आजी तिच्या उंबऱ्यात बसून राहिलेल्या होत्या, खोली राखत. त्यांनी सांगायला सुरुवात केली, तर ज्योतीनं कोयंड्याकडे बघितलंही नाही. बाळ कसंय आणि रक्त मिळालं का, एवढंच विचारलं. हे मला दत्तानं नंतर सांगितलं, आणि सांगताना तो आपल्या बुटांकडे बघत होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते माझं काम नव्हतं, मोठ्या डॉक्टरांचं होतं. रक्त जुळलं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी दत्तानं मला फोन केला आणि सिस्टर, सिस्टर एवढंच म्हणत राहिला. मीच म्हटलं, अरे जुळलं ना, मग बोल की. पिशवी एकटी पुरणार नव्हती. म्हणून भाऊ जरा मोठा होईपर्यंत थांबून, त्याच्या हाडातला थोडा मगजही घेतला आणि दोन्ही मिळून आरोहीला दिलं. ते दिवस फार वाईट गेले. केस गेले, तोंड आलं, तापानं फणफणली. एकदा तर आशाच सोडावी असं वाटलं. त्या काळात मी काचेबाहेरून तिला बघून यायची. ती आतून डावा हात हलवायची, उजव्या हातात खडू. मग हळूहळू तिच्या अंगात तिचं रक्त तयार व्हायला लागलं. तिचं म्हणायचं की भावाचं, कोण जाणे. बाहेरचं रक्त चढवणं कमी होत गेलं आणि एक दिवस बंद झालं.

आता मी निवृत्त आहे. टाकीत ठेवलेल्या माझ्या पिशव्यांचा विचार आला की मी मनात म्हणते, पडून राहा गं बायांनो, कुणाला लागू नका. आणि ती एक लागली, मिळाली, जुळली, म्हणून ज्यांनी कुणी हे काम माझ्या पदरात टाकलं त्यांचे मी मनापासून उपकार मानते. सुई सांभाळा म्हणणाऱ्या साहेबांचेसुद्धा.

गेल्या भाऊबीजेला कुरुळीला बोलावणं आलं. गेले. आरोही आता उंच झालीय, गालांवर रंग आलाय. तिनं भावाला पाटावर बसवून ओवाळलं. त्यानं तबकात दहाची नोट टाकली आणि लगेच परत उचलली. सगळे हसले. दत्ता म्हणाला, राहू दे, त्याची ओवाळणी कधीच पोचलीय. हसता हसता माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे नवाकोरा पाळणा उभा होता, वर घडी घातलेली दुपटी, बारकी टोपडी. मी मनीषाकडे बघून डोळे मोठे केले, म्हटलं, काय गं, तिसरं? ती लाजून नाही नाही म्हणाली. मग मी आजींकडे वळले. बाळाआधी या घरात चिंधी येऊ न देणारी बाई ही, आणि माजघरात पाळणा!

"ज्योतीचा हाय," आजी म्हणाल्या. "आठवा लागलाय तिला. आईनं धाडला गावाकडनं, हौसंनं. पर पयलं टिकलं न्हाई ना, भ्याली पोर. खोलीत ठिवंना."

मला पुढे विचारावं लागलं नाही. बाहेर शेवटच्या खोलीसमोर ज्योती खुर्चीवर पाय पसरून बसली होती, सावकाश शेंगा सोलत. आजींनी दुपट्यांवरची धूळ पदरानं झटकली आणि पाळणा भिंतीकडे जरा सरकवला, येता-जाता कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

"मीच म्हनलं तिला," त्या म्हणाल्या, "आमच्यात ठिव. आमचं काय जातंय?"